चौदा नंबरचं निशाण

१

फुलमनी तांती मेली ती सोमवारी दुपारी तीन वाजता, बागेच्या इस्पितळात. पानं खुडणाऱ्या बायकांच्या टोळीची सरदारीण एतवारी, तिचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या मते फुलमनी सव्वाबारालाच गेली होती, चौदा नंबरमध्ये, चहाच्या झुडपांच्या ओळीत. पुढचे पावणेतीन तास ती फक्त कागदोपत्री जिवंत होती.

जेवणाच्या सुट्टीत बायका घोळका करून बसल्या होत्या. मिठाचा लाल चहा वाटून झाला होता. फुलमनीने नेहमीप्रमाणे कोवळी पानं खुडली, तळहातावर कांदा, मिरची, कुरमुरे आणि मोहरीचं तेल घालून चोळली आणि शेजारणींना चिमूट-चिमूट दिली. आदल्या दिवशी करमच्या सणाचा उपास झालेला. भूक तिलाच जास्त, म्हणून खाल्लंही तिनेच जास्त. चिमूटभर खाणाऱ्या दोघी आता खाटेवर होत्या आणि वाचणार होत्या.

"घामाने न्हालेली, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या खसखशीएवढ्या," कंपाउंडर फुकन हात धुता धुता म्हणाला. "किडे मारायच्या औषधाची करणी. म्हणजे तुमच्या खात्यातलं, पोकाबाबू."

पोकाबाबू म्हणजे जीवेश्वर मोरान. पोक म्हणजे किडा. एकवीस वर्षं तो कदमजुली बागेत दर आठवड्याला प्रत्येक सेक्शनचे शंभर कोंब मोजत आला होता, आणि त्यातले किती किड्यांनी खाल्ले तो आकडा ऑफिसात देत आला होता. आकडा फार वाटला तर बडासाहेब नुसती भुवई उचलायचे, आणि जीवेश्वर तो थोडा खाली आणायचा. किड्यांची त्याला कधी तक्रार आली नाही.

त्या शुक्रवारी मात्र त्याने चौदा नंबरचा आकडा खरा दिला होता. शंभरात बेचाळीस. चहाचा डास. हा डास नव्हे, माणसाला चावतही नाही. ढेकणाच्या कुळातला लांबटांग्या किडा आहे, कोवळ्या कोंबातला रस पितो. शनिवारी चौदा नंबरला औषध मारा, असं जीवेश्वरने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. म्हणून फुकनचं बोलणं त्याला जरा खोल लागलं.

औषध मारलं की त्या सेक्शनच्या तोंडाशी, बायका येतात त्या वाटेवर, लाल निशाण रोवायचं. सात दिवस तिथे पान खुडायचं नाही. हे बागेतल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं.

सोमवारी चौदा नंबरला निशाण नव्हतं.

पोलीस आले, चहा प्याले, प्रेत घेऊन शहरात गेले. चार वाजेपर्यंत बागेने गुन्हेगारही शोधला. गोडाऊनच्या रजिस्टरात स्वच्छ लिहिलेलं होतं: शनिवार, चौदा नंबर, मांगरा भूमिजची टोळी, औषध मारून पूर्ण. करमच्या घाईत गडी निशाण रोवायला विसरला. गुरुवारपर्यंत त्याने बाग सोडावी. बाग सोडायची म्हणजे घरही सोडायचं. घर बागेचं, काम आहे तोवरच आपलं.

मांगराने एवढंच सांगितलं, की चौदा नंबरला त्याने औषध मारलंच नव्हतं.

२

मजुरांच्या घरांच्या लाईन नंबर चारमध्ये मांगराच्या दाराशी कुणी नव्हतं. समोरच्या घरात, फुलमनीच्या घरात, बायका बसल्या होत्या आणि तिचा नवरा सुकलाल उंबऱ्यावर पाठ फिरवून बसला होता. सबंध लाईनीनेच पाठ फिरवली होती. सार्वजनिक नळावरून मांगराच्या बायकोची बादली दुपारीच कुणीतरी बाजूला सारली होती.

"बसा बाबू," मांगरा म्हणाला. "माझ्याकडे बसलात म्हणून तुमचंही पाणी तुटेल, पण तुम्ही बाबू लोक, तुमचा नळ वेगळा."

"शनिवारी काय झालं ते सांग."

"सातला आम्ही आठजण गेलो. औषध पाण्यात कालवायला घेणार, तर पाऊस. साडेआठपासून दुपारी दोनपर्यंत. पावसात औषध मारायचं म्हणजे नदीत साखर घालायची. बाटल्या फोडल्याच नाहीत. शेडमध्ये ठेवून कुलूप घातलं."

"गोडाऊनच्या दत्तबाबूंना सांगितलंस, की काम झालं नाही?"

"काय सांगायचं? पाऊस काय एकट्या माझ्यावर पडला?"

उत्तर बरोबर होतं, पण ऑफिसात चालण्यासारखं नव्हतं.

"रविवारी?"

"रविवारी दुपारी करमची फांदी आणायला रानात. तिथून आखड्यावर, रातभर नाच. सोमवारी सकाळी फांदी नदीत सोडून आलो, तोपर्यंत मांदराचा ढोल माझ्याच गळ्यात. चारशे माणसांनी पाहिलं, पण त्यातलं एक आज बोलायला तयार नाही." त्याने छपराकडे बोट केलं. आढ्याला सहा लाल निशाणं गुंडाळून खोचलेली होती. "ही बघा. सहाच्या सहा."

"ही तुझ्याच घरी असतात?"

"गोडाऊनात उंदीर कापड खातात. चार वर्षं झाली, माझ्याकडेच आहेत. ज्याने औषध मारायचं त्यानेच निशाण न्यायचं. दुसरं कोण मारतंय इथे?"

शेडची किल्ली घेऊन जीवेश्वर उठला. शनिवारी नेलेल्या सोळाही बाटल्या शेडमध्ये होत्या, सोळांचंही झाकण शाबूत होतं. मांगरा खरं बोलत होता.

मग चौदा नंबरच्या पानावर होतं ते काय होतं?

३

"पाच वाजता मला सेक्शनमध्ये नेता, लोक काय म्हणतील?" एतवारी म्हणाली. तिचं वय साठीला टेकलं होतं, आणि बोलताना तिचे डोळे रडून सुजलेले होते.

"म्हणतील, पोकाबाबूला अजून दिसतं वाटतं," जीवेश्वर म्हणाला. "चल दीदी. वाचायचं काम आहे."

आधी तो तिला पंधरा नंबरमध्ये घेऊन गेला. चौदा आणि पंधरामध्ये फक्त एक नाला. पंधरा नंबर त्याने शुक्रवारीच मोजला होता; शंभरात दोन कोंब खाल्लेले. आता नाल्याकाठच्या ओळीत असा कोंब नव्हता ज्यावर डंख नाही.

"कधीचे?" त्याने विचारलं.

एतवारीने कोंब उजेडाकडे धरला. चाळीस वर्षं पान खुडणाऱ्या बाईला हे विचारणं म्हणजे सोनाराला सोनं दाखवणं. डंख ताजा असेपर्यंत त्याचं कडं फिकट, पाणी सुटल्यासारखं असतं. एक दिवस उलटला की तांबूस. पुढे काळं पडून पान आकसतं.

"फिकट आहेत. काल संध्याकाळचे, नाहीतर आज सकाळचे."

"एखादा तांबूस?"

तिने तीस-चाळीस कोंब उलटेपालटे केले. "एकही नाही."

म्हणजे किड्यांचा हा तांडा नाला ओलांडून रविवारी दुपारनंतर आला. आणि भरल्या ताटावरून पाहुणा उगाच उठत नाही. चौदा नंबरमध्ये त्यांच्यावर काहीतरी पडलं, ते रविवारी पडलं. शनिवारी पडलं असतं तर निम्मे डंख आज तांबूस झाले असते.

जीवेश्वरने खिशातून पांढरा दोरा काढला आणि एतवारीकडून दहा कोंबांना गाठी मारून घेतल्या. "उद्या सकाळी तूच येऊन बघायचं. मी हात लावणार नाही."

चौदा नंबरमध्ये त्यांनी तोंडाला ओला गमछा बांधला. मधोमध कारखान्याकडून येणारा गाडीरस्ता होता. रस्त्यालगतची झुडपं चिंब होऊन सुकल्यासारखी पांढरट दिसत होती. खाली मेलेले किडे पसरले होते. वीस झुडपं आत गेलं की मेलेले कमी. कडेला आणि कोपऱ्यांत मात्र किडे मजेत रस पीत होते.

"हे मांगराचं काम नाही," एतवारी लगेच म्हणाली. मग आपणच बोललो हे ध्यानात येऊन ती थांबली. दुपारपासून तिनेही मांगराला बोल लावला होता.

मांगराची रीत सगळ्यांना माहीत होती. तो कडेने सुरुवात करायचा आणि फेऱ्या घेत घेत मध्यावर यायचा. नव्या गड्याला तो सांगायचा, गाव लुटायचं तर आधी वेशी बंद करायच्या. इथे कुणीतरी गावाच्या चावडीत फटाका फोडला होता आणि वेशी उघड्या ठेवल्या होत्या.

आणि वास. कुजलेल्या लसणाचा. जीवेश्वरने तो चार वर्षांत घेतला नव्हता. ज्या औषधाला तो वास होता ते चार वर्षांपूर्वीच बागेत बंद झालं होतं, आणि त्याची सगळी पिंपं नष्ट झाली होती. तशी नोंद होती.

४

छोटासाहेब अहलावत बंगल्याच्या पायरीवर बसला होता. सव्वीस वर्षांचा पोरगा. त्याच्या हातून पहिल्यांदाच माणूस मेलं होतं, किंवा तसं त्याला वाटत होतं.

"बायकांना चौदा नंबरला मी पाठवलं," तो म्हणाला. "निशाण नव्हतं. मी वाटेवर जाऊन स्वतः पाहिलं. निशाण नाही म्हणजे औषध नाही, असंच ना?"

"असंच. रविवारी तुम्ही कुठे होतात?"

"शहरात, क्लबात. साठ माणसं सांगतील. बागेत थांबून काय करणार? सगळी करमला गेलेली. ट्रॅक्टरला ड्रायव्हरसुद्धा नव्हता."

"ट्रॅक्टरची किल्ली?"

"असते तिथेच. गोडाऊनच्या खिळ्याला." तो पायरीवरून उठला. "पोकाबाबू, त्या मांगराचं घर खरंच जाणार?"

"पत्र तुमच्याच ऑफिसात टाईप झालंय, साहेब."

बडासाहेब खाउंड ऑफिसात एकटेच होते. त्यांनी जीवेश्वरला खुर्ची दिली. एकवीस वर्षांत हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा दिली होती तेव्हा आकडा अठ्ठ्याहत्तरवरून तेरावर आणायचा होता.

"मोरान, परवा दुपारी बाहेरदेशच्या गिऱ्हाइकाचा तपासनीस येतोय. गोडाऊन बघेल, औषधं बघेल, रजिस्टर बघेल. एक माणूस निशाण विसरला, ही दुःखाची गोष्ट आहे, पण समजण्यासारखी आहे. औषध कुणी मारलं तेच माहीत नाही, ही समजण्यासारखी गोष्ट नाही. तुम्ही पंधरा नंबरला गेला होतात म्हणे. डंख दोन दिवसांचे आहेत, एवढं लिहून द्या."

"एक दिवसाचे आहेत, साहेब."

"लिहायला दोन्ही सारखंच."

जीवेश्वरने कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. पण ट्रॅक्टरची किल्ली गोडाऊनात, बंद झालेल्या औषधाची पिंपंही गोडाऊनातलीच; रविवारी कोण, हे आता बरंचसं उघड झालं होतं, फक्त का ते कळत नव्हतं. किडे मारायला एवढी यातायात करील असा माणूस तो नव्हे. त्याला किड्यांचा तिटकारा होता, पण फक्त रजिस्टरात शिरणाऱ्या.

५

मंगळवारी सकाळी सातला ऊन लख्ख पडलं होतं. गोडाऊनबाबू सुशील दत्त दिवा लावून बसले होते.

"आज फार अंधारून आलंय हो," ते म्हणाले. घाम पुसायला त्यांच्या हातात रुमालाऐवजी टॉवेल होता.

"रजिस्टर बघू का, दत्तबाबू?"

दत्तबाबूंनी रजिस्टर अभिमानाने पुढे केलं. एकोणतीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात खाडाखोड नव्हती. शनिवारची नोंद पूर्ण, खाली रविवार सुट्टी, त्याखाली लगेच सोमवारी सकाळी सहाला वाटलेले कोयते आणि नेणाऱ्यांचे अंगठे. मध्ये बोटभर जागा नाही. म्हणजे फुलमनी मेल्यावर शनिवारची नोंद घुसडलेली नव्हती. ती आधीपासून तिथेच होती, झालेल्या कामाच्या रुबाबात.

जीवेश्वरने मान वर केली. भिंतीपाशी जमिनीवर चार गोल होते. चार वर्षांच्या धुळीत उमटलेले, आतून स्वच्छ. मग त्याने दत्तबाबूंच्या डोळ्यांत पाहिलं. गोडाऊनच्या त्या अंधारात माणसाच्या बाहुल्या मांजरासारख्या मोठ्या व्हायला हव्यात. दत्तबाबूंच्या खसखशीएवढ्या होत्या.

"दत्तबाबू, आज ढग नाहीत. फुकनकडे जा आधी. ते औषध तुमच्याही अंगात गेलंय."

दत्तबाबूंनी रजिस्टर मिटलं.

"पिंपं परत घ्यायला कंपनीचा माणूस आलाच नाही," दत्तबाबू शेवटी म्हणाले. "आणि मी तर नष्ट केली म्हणून लिहून बसलेलो. चार वर्षं ती इथे होती आणि नव्हती. बुधवारी तपासनीस. त्याने बघितली असती तर रजिस्टर खोटं ठरलं असतं."

"म्हणून रविवारी."

"लाईनीत माणूस नव्हता. मी आधी गॅरेजला होतो, ट्रॅक्टर येतो मला. पंप जोडला, रस्त्यावरून जाता जाता दोन्ही बाजूंना पाईप धरला. वाटलं, नदीत ओतण्यापेक्षा बरं, किडे तरी मरतील."

"पण चौदा नंबरच का?"

दत्तबाबूंना या प्रश्नाचं खरोखर आश्चर्य वाटलं. "कारण तिथे औषध मारून झालं होतं. निशाण लागलेलं, सात दिवस कुणी पान खुडणार नाही. बागेत तेवढी एकच जागा अशी होती, की कुणाला अपाय होणार नाही. मी विचार केला, पोकाबाबू. मी फार विचार केला."

"निशाण बघितलंत?"

"ते बायकांच्या वाटेवर असतं. मी कारखान्याच्या रस्त्याने गेलो. आणि बघायचं कशाला? मी लिहिलं होतं ना."

"कधी लिहिलंत?"

"शनिवारी सकाळी सात वाजता. माणसं औषध घेऊन निघाली की मी 'पूर्ण' लिहून टाकतो. नाहीतर संध्याकाळी गर्दी होते." त्यांचा आवाज बारीक झाला. "एकोणतीस वर्षं लिहितोय. लिहिलंय आणि झालं नाही, असं कधी…"

शनिवारी त्यांच्याही छपरावर पाऊस साडेपाच तास वाजत होता. तो त्यांनी ऐकला होता. रजिस्टरात पावसाला रकाना नव्हता.

"तुम्ही सांगणार?" दत्तबाबूंनी विचारलं.

"मी डंखापर्यंत सांगेन. ते माझं खातं. पुढचं तुमचं."

६

नऊ वाजता कारखान्याच्या घंटेखाली सगळी लाईन उभी होती. शहरातून फुलमनीचं प्रेत परत आलं होतं, तिरडी बांधून झाली होती, सुकलाल तिच्यापाशी बसलेला. मांगरा एका टोकाला, त्याच्या भोवती सहा हात मोकळी जागा. बडासाहेब पत्र हातात घेऊन पायरीवर.

"मोरान, अहवाल."

जीवेश्वरने खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो कोराच होता.

"लिहिणं काही जमलं नाही, साहेब. पण वाचणारी माणसं आहेत. एतवारीदी, काल दोरा बांधलेले कोंब आणलेस?"

एतवारी पुढे आली. तिने दहा कोंब पदरातून काढले आणि पुढच्या बाईच्या हातात दिले. "काल पाच वाजता फिकट होते. मी स्वतः गाठी मारल्यात. आता बघा." कोंब हातोहात निघाले. ते एकेक हातात क्षणभर थांबत होते, वर उजेडाकडे जात होते, पुढे सरकत होते. एकेक बाई मान हलवत होती. सगळे डंख तांबूस झाले होते.

"तर मग औषध पडलं कधी?" एतवारीने विचारलं, पण तिने बडासाहेबांना विचारलं नव्हतं.

"रविवारी," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणी. रविवारी, रविवारी. आणि नजरा एकेक करून मांगराकडे वळल्या. रविवारी मांगरा कुठे होता हे त्या चारशे माणसांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्याच मांदरावर ती नाचली होती.

"ठीक आहे," बडासाहेब सावकाश म्हणाले. त्यांनी पत्राची घडी घातली. "मांगरा कामावर राहील. कारण समजून येत नाही, असं आपण लिहू. विषय संपला."

तो संपला असता. घर राहिलं होतं. तेवढ्यासाठीच जीवेश्वर आला होता. पण दत्तबाबू गर्दीतून वाट काढत पुढे आले. लख्ख ऊन होतं तरी पाय चाचपडत टाकत होते. ते सुकलालसमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं; पिंपं, ट्रॅक्टर, सात वाजताची नोंद. त्यांनी काही गाळलं नाही आणि कुठे माफीही मागितली नाही. नोंद वाचावी तसं वाचलं.

एक दगड कुणाच्या तरी हातात आला होता, तो एतवारीने काढून घेतला आणि खाली ठेवला. फुकनने दत्तबाबूंना दंडाला धरून इस्पितळाकडे नेलं. बडासाहेब आत गेले; फोन फिरवल्याचा आवाज बाहेर आला.

लोक तिथेच उभे होते. काल मांगराला कोण काय बोललं होतं हे प्रत्येकाला आठवत होतं, आणि आता आधी कोण बोलणार हे कुणाला ठरवता येत नव्हतं. मांगराही हलला नाही. ती सहा हात जागा तशीच होती.

सुकलाल उठला. ती जागा ओलांडून तो मांगरासमोर आला आणि त्याच्या खांद्याकडे बघत म्हणाला,

"डाव्या बाजूला पुढे एक माणूस कमी आहे. चल."